नसलेल्या ताऱ्याचा सत्कार

अकोल्याला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, पिंपरी-चिंचवडला बघण्यासारखं काय आहे? विचारणाऱ्याचा मुलगा नाहीतर जावई बहुधा तिथेच नोकरीला असतो आणि तो स्वतः तीन-चारदा तिथे राहून आलेला असतो. पण प्रवास म्हणजे केदारनाथ किंवा सिंगापूर. चाकणला माणूस जातो तो कामाला, अशी आपली समजूत. मीही ती समजूत बॅगेत घालूनच निघालो होतो. माझं काम होतं एका सत्काराला हजर राहणं. कॉलेजात ग्रंथपाल असताना मी इतक्या सत्कारांना वाचनालयातल्या खुर्च्या पुरवल्या आहेत की शाल दिसली की माझे पाय आपोआप शेवटच्या रांगेकडे वळतात. पण हा सत्कार कुमुदताईचा होता.

कुमुदताई माझी मावसबहीण, माझ्याहून मोठी. जन्मभर तिने ताऱ्यांचं भौतिकशास्त्र केलं आणि शिकवलं. तारा कशाने तापतो, कशाने धडधडतो, कसा विझतो, हा तिचा विषय. विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर परवडेल तिथे घर घ्यायचं म्हणून ती चऱ्होलीला आली, आणि आराम करायचं सोडून दापोडीला रविवारचा वर्ग सुरू केला. वर्गात कारखान्यांतले सुपरवायझर, आयटीआयचे एक मास्तर, दोन-तीन गृहिणी आणि एक पोस्टमन. या मंडळींनीच तिचा सत्कार ठरवला होता. "तू ये," ती फोनवर म्हणाली, "मला टाळ्यांच्या वेळी कुणाकडे तरी बघायला हवं."

शुक्रवार : दापोडी ते चऱ्होली

पुण्याला उतरून लोणावळा लोकलने दापोडीला आलो. कुमुदताई फलाटावर उभी होती. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर क्रिकेटवाल्यांची टोपी. सत्तरी ओलांडलेली बाई अशी दिसली तर आमच्याकडे लोक घरच्यांना कळवतात. इथे कुणी मान वळवली नाही. रेल्वे आणि महामार्ग यांच्या मधल्या गल्ल्यांत दर तिसरा माणूस तिला "मॅडम" म्हणून हात करत होता आणि ती टोपीला हात लावून उत्तर देत होती.

एका हॉटेलात पोहे मागवले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मी वाट बघत बसलो. आमच्याकडे पोह्यांवर तिखटजाळ रश्शाची तर्री ओतल्याशिवाय ताटली टेबलावर आली असं धरत नाहीत. "तर्री?" मी विचारलं. मालकाने समजूतदारपणे मान हलवली आणि पोह्यांवर डावभर सांबार ओतलं. मी कुमुदताईकडे बघितलं. "खा," ती म्हणाली, "मीही पहिल्या वर्षी रडले होते."

भोसरी आणि दिघी मागे टाकत रिक्षा चऱ्होलीकडे निघाली. रस्त्याच्या एका बाजूला कांद्याचं शेत, दुसऱ्या बाजूला वीस मजली इमारत, आणि शेताच्या बांधावर पुढच्या इमारतीची जाहिरात. त्या जाहिरातीतल्या आकाशात इतके तारे होते की दुर्बिणीची गरज पडू नये. पुढे फाट्यावर नुकताच लावलेला आमचा फ्लेक्स दिसला. मधोमध कुमुदताईचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, भोवती शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले काही तिच्या फोटोपेक्षा मोठे. वर मोठ्या अक्षरांत : "विज्ञानमाउली, अदृश्य ताऱ्याच्या शोधकर्त्या."

"थांबवा हो जरा," कुमुदताई रिक्षावाल्याला म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि मजकूर पुन्हा वाचला.

"काय झालं?" मी विचारलं. "माउली खटकलं का?"

"ते चालेल एक वेळ. पण विनू, तो तारा नाहीये."

घरी पोचल्यावर चहा झाला आणि मग तिने मला ती हकिकत नीट सांगितली. सातव्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीतून इंद्रायणीचा एक तुकडा आणि सहा क्रेन दिसतात. क्रेनकडे बघतच ती बोलत होती.

तरुणपणी ती दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत होती. मुलगी रात्री डोंगरावर एकटी, म्हणून तिचे वडील आधी स्वतः जाऊन बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, "जाऊ दे तिला. तिथे इतकी थंडी आहे की कुणी कुणाच्या प्रेमात पडणं शक्य नाही." रात्रभर दुर्बिणीवर, सकाळी झोप, उठेपर्यंत मेस बंद. दहीभातावर तिने वर्षं काढली. तिने एक धडधडणारा तारा धरला होता. असे तारे फुगतात, आकसतात, आणि त्या तालावर त्यांचा उजेड कमी-जास्त होतो. या ताऱ्यात तिला त्या तालाखाली आणखी एक संथ ताल सापडला. तिने निष्कर्ष काढला की शेजारी न दिसणारा दुसरा तारा आहे आणि तो याला ओढतोय. निबंध छापून आला, नाव झालं, त्या नावावर विद्यापीठात नोकरी मिळाली.

पुढे तिच्या हाताखाली राजश्री नावाची विद्यार्थिनी आली. तिने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या वेधशाळांतून त्याच ताऱ्याची निरीक्षणं मागवली. आपल्याकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते, त्यामुळे ताऱ्यावर चोवीस तास नजर राहिली. सगळं एकत्र जुळवलं आणि तो संथ ताल नाहीसा झाला.

"मी रोज रात्री त्याच तासांना बघत होते," कुमुदताई म्हणाली. "मधले तास कोरे. त्या कोऱ्या तासांतून एक खोटाच ताल तयार झाला. तो ताल ताऱ्याचा नव्हता विनू, माझ्या झोपेचा होता."

"मग?"

"मग काय? दोघींनी मिळून निबंध लिहिला. तिचं नाव आधी, माझं नंतर. पहिल्याच वाक्यात लिहिलं की आमच्यापैकी दुसरीने काढलेला निष्कर्ष चूक होता."

मी आयुष्यभर विद्वानांमध्ये वावरलो आहे. शुद्धिपत्रात स्वतःची चूक मुद्रकाच्या माथी मारणारे पाहिले आहेत. असं पहिलं वाक्य मी कधी वाचलेलं नाही.

राजश्री आता बंगळूरला प्राध्यापक आहे आणि रविवारच्या सत्काराला प्रमुख पाहुणी म्हणून येणार होती. गोम तिथेच होती. जो तारा राजश्रीने पुसला, तो तिच्यासमोर कुमुदताईने गळ्यात घालून मिरवायचा.

तिने फोन केला आणि दहा मिनिटांत दत्तूआबा हजर झाले. आबा सत्कार समितीचे अध्यक्ष. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांची होती. आता पांढरी मोठी गाडी, पांढरे कपडे, आणि जमिनीची सवय गेली नाही म्हणून अनवाणी पाय. वर्गात ते दर रविवारी पहिल्या बाकावर बसतात आणि सूर्य सोडून इतर ताऱ्यांचा विषय निघाला की झोपतात. कुमुदताईवर त्यांचा फार जीव. नव्या फ्लॅटवाल्यांपैकी तिनेच एकटीने त्यांना विचारलं होतं की इथे पूर्वी काय पिकायचं.

"आबा, ते फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं नाही. तो तारा नाही."

"अदृश्यच हाय न्हवं? मंग दिसनार कसा?"

"अदृश्य नाही हो. मुळातच नाही."

आबांनी हातातला पेढ्यांचा खोका सावकाश टेबलावर ठेवला. "मॅडम, फ्लेक्स पार भोसरीपतूर लागलं. मानपत्र चांदीच्या पत्र्यावर कोरून आलं. क्रेन सांगून ठेवली. आता तारा न्हाई म्हनून कसं चालंल?"

"क्रेन कशाला?" मी विचारलं.

"हार घालाया, पावनं."

"मला नाही चालणार आबा," कुमुदताई म्हणाली.

"येका दिसाचा तर प्रश्न हाय. सोमवारी काढू की तारा!" आबांनी मार्ग काढला आणि मला एक पेढा दिला.

ते गेल्यावर कुमुदताई हिशेब मांडत बसली. समितीचा चिटणीस संपत, याने पाहुण्यांपासून हॉलपर्यंत सगळं केलं होतं. वर्गातल्या लोकांनी सुट्ट्या मागून घेतल्या होत्या, कुणी ओव्हरटाइम सोडला होता. "स्टेजवर उभं राहून सांगितलं तर या सगळ्यांचा चारचौघांत पाणउतारा," ती म्हणाली. "गप्प बसले तर राजश्रीचा. आणि गेलेच नाही, तर दोघांचाही." तिने संपतला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू यात पडू नकोस."

शनिवार : चाकण, चुकून

चिंचवडचा हॉल बघून यावा आणि त्या निमित्ताने शहरही, म्हणून मी दुपारी भोसरीला आलो. थांब्यावर एक पांढरी बस उभी होती आणि लोक शिस्तीत चढत होते. सगळ्यांचे शर्ट एकाच निळ्या रंगाचे. आमच्याकडे हल्ली लग्नात असं करतात, त्यामुळे वऱ्हाड असावं असं मला वाटलं. पण कुणी अडवलं नाही म्हणून मीही चढलो. शेजारी बसलेल्याला "चिंचवड?" असं विचारलं तेव्हा तो झोपलेला होता. सगळेच झोपलेले होते. भर दुपारी इतकी गाढ, इतकी सामुदायिक झोप मी फक्त परिसंवादांत पाहिली आहे.

मोशी गेलं, इंद्रायणीचा पूल गेला, मग दोन्ही बाजूंना पत्र्याच्या लांबच लांब शेड, ट्रकच्या रांगा, चहाच्या टपऱ्या आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची नावं मिरवणाऱ्या खानावळी सुरू झाल्या. घाटमाथ्यावर उभं राहून दरी बघावी तसं चाकणच्या चौकात उभं राहून ट्रक बघावेत. त्यांनाही अंत दिसत नाही. बस एका मोठ्या फाटकातून आत शिरली आणि सगळे एकदम जागे झाले. फक्त माझ्याकडे ओळखपत्र नव्हतं.

"आजोबा, तुम्ही कोणत्या डिपार्टमेंटचे?" फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं.

"ग्रंथालय," मी खरं ते सांगितलं.

त्याने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि कुणाला तरी फोन करायला सांगितलं. मी कुमुदताईला केला. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "संपतची शेड तिथून जवळ आहे. त्याला पाठवते. आणि विनू, लक्षात आहे ना?"

संपत मोटरसायकलवर आला. पस्तिशीचा, मूळचा अंबाजोगाईकडचा, मोठ्या कंपनीला छोटे सुटे भाग पुरवणाऱ्या एका शेडमध्ये तपासणीचं काम बघतो. "काय करायलाव सर इथं?" म्हणाला. "कामाला लागलाव का काय या वयात?" त्याने मला आधी खानावळीत नेलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. तेल आणि तिखट दोन्ही आमच्या तोलाचं. सांबार-पोह्यांचं दुःख तिथे संपलं.

मग शेड दाखवली. आत मशिनींचा एकसुरी आवाज, तेलाचा वास, आणि एका कोपऱ्यात कुलूप लावलेला लालभडक डबा. डब्याच्या जाळीतून आतले भाग दिसत होते. प्रत्येकाला एक लाल टॅग दोऱ्याने बांधलेला.

"हे रिजेक्शन," संपत म्हणाला. "नापास माल. चुकून चांगल्या मालात मिसळू नये म्हणून कुलूप."

"आमच्या वाचनालयात नापास पुस्तकं पहिल्या कपाटात असायची," मी म्हणालो. "देणगीदार बघायला यायचे."

तो हसला आणि त्याने मला एक कोरा टॅग दाखवला. दोष काय, कारण काय, आणि खाली तीन सह्यांच्या जागा : बनवणारा, तपासणारा, मंजुरी. "पहिल्या दोन सह्या नसतील तर आम्ही रिजेक्शन धरतच नाही सर. एकट्यानं नापास करायचं नाही. ज्यानं बनवलं त्यानं मान्य करायचं, ज्यानं पकडलं त्यानं समोर उभं राहायचं. आणि आपला माल पुढं जायच्या आधी ज्यानं स्वतःच सही केली, त्याचं नाव महिन्याला त्या फळ्यावर." भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने दोन नावं लिहिली होती.

"ज्याने चूक केली त्याचं?"

"चूक सगळेच करतेत की. सही सगळे करत न्हाईत."

इथवर मी कुमुदताईचा शब्द पाळला होता. मी भित्रा माणूस आहे आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण तो फळा बघितल्यावर जमलं नाही. दारात उभं राहून मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो तारा, ती झोप, राजश्री, पहिलं वाक्य.

संपत ऐकत होता. मधेच त्याने हात वर केला. "थांबा, थांबा. रोज त्याच वेळी बघायचा म्हणून फसला, तो निरीक्षक?"

"तुला ठाऊक आहे?"

"मॅडम दर वर्षी सांगतेत की! 'एक निरीक्षक होता, तो फक्त रात्री बघायचा.' आम्हाला वाटायचं कुणी इंग्रज असंल." तो दाराच्या चौकटीला टेकला. "सर, त्या निरीक्षकानं माझी मशीन वाचवली. आमचा एक जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, सकाळी मोजला की बरोबर, दुपारी मोजला की जाड. मशीन बिघडली म्हणून सगळे तिच्यावर उठले, खोलून ठेवायची म्हणाले. मला ती गोष्ट आठवली. म्हटलं, राव, मशीनचं सोडा, आपण मोजतो कधी ते बघा. तर सकाळी रात्रीचा गार झालेला, आणि दुपारी आम्ही गरमागरम जॉब मोजायलो होतो. गरम ॲल्युमिनियम फुगतंच की. गार होऊ दिला, माप बरोबर." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तो निरीक्षक मॅडमच होत्या तर."

त्याने मला भोसरीपर्यंत सोडलं. उतरताना मी विचारलं, "मग काय करणार?"

"बघतो," एवढंच म्हणाला. चेहऱ्यावरून काही कळेना. वर्गासमोर मॅडमनी ही गोष्ट लपवली, असंही त्याला वाटलं असेल.

रविवार : सकाळी दापोडी, संध्याकाळी चिंचवड

सत्काराच्या दिवशी तरी वर्गाला सुट्टी असेल असं मला वाटलं होतं. "सूर्याला आहे का सुट्टी?" कुमुदताई म्हणाली.

वर्ग रेल्वेच्या बाजूच्या एका जुन्या हॉलमध्ये भरतो. दिवसाढवळ्या ताऱ्यांचा वर्ग कसला, असं विचारायचं माझ्या मनात होतं. पण या भागात रात्री दिव्यांनी आणि धुळीने आकाश पार धुरकट असतं, आणि तसंही अर्धा वर्ग रात्रपाळीला असतो. म्हणून ती जवळचा तारा वापरते. खिडकीतला आरसा उन्हाची तिरीप आत पाठवतो, ती एका अरुंद फटीतून नळीत शिरते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला डोळा लावला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांची पट्टी दिसते. नळी वर्गातल्याच कुणीतरी शेडमध्ये बनवलेली, इतकी गुळगुळीत की हात लावावासा वाटावा.

मीही डोळा लावला. पट्टीत केसासारख्या बारीक काळ्या रेघा होत्या. "त्या रेघा म्हणजे सूर्याची सही," कुमुदताई मागून म्हणाली. "सूर्यावरच्या वायूंनी तेवढे रंग गिळलेत. ही जोडी सोडियमची, आणि या इथल्या कितीतरी लोखंडाच्या."

"सूर्यात लोखंड?" एका सुपरवायझरने विचारलं. "कुठल्या ग्रेडचं, मॅडम?"

"वाफेच्या ग्रेडचं. लेथवर धरता येणार नाही."

वर्ग हसला. मग तिने विचारलं, "लोखंड आहे हे कुणी तिथे जाऊन आणलं का?" "नाही." "मग विश्वास का ठेवायचा?" आणि पाऊण तास ती काही सांगायच्या ऐवजी फक्त विचारत राहिली. पोस्टमन आणि गृहिणी आपापसांत भांडून स्वतःच उत्तरापाशी पोचले. मी चांगले वक्ते पुष्कळ ऐकले आहेत. त्यांचं भाषण संपलं की ते मोठे वाटतात. हिचा वर्ग संपला तेव्हा वर्गातले लोक मोठे वाटत होते.

निघताना तिने हॉलभर नजर फिरवली. "संपत नाही आला आज?"

"न्हाई दिसला," पहिल्या बाकावरून आबा म्हणाले. "कदी चुकवत न्हाई त्यो."

कुमुदताई माझ्याकडे बघायला लागली. मी आरशाकडे बघायला लागलो.

"तू सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो आला नाही." तिने टोपी काढून पिशवीत ठेवली. "मीच त्याला आधी सांगायला हवं होतं. 'एक निरीक्षक' म्हणून किती वर्षं भागवणार होते मी? आता स्टेजवर तरी बोलायलाच हवं."

संध्याकाळी चिंचवडला हॉलच्या दारात खरोखरच क्रेन होती. तिला झेंडूचा हार टांगलेला, माणूस उभा मावेल एवढा. चालकाला हार नेमका गळ्यात उतरवता येईना. पहिल्या खेपेला तो आबांच्या, दुसऱ्या खेपेला माझ्या गळ्यात पडला. तिसऱ्या खेपेला कुमुदताई स्वतःच खालून त्यात शिरली आणि हात जोडून बाहेर पडली. आमच्याकडे हार घालणारा दमतो, इथे घेणारा. आत तुतारी झाली, पगडी झाली. पगडी मोठी होती; डोळ्यांवर येऊ नये म्हणून कुमुदताई मान ताठ धरून बसली आणि त्यामुळे गर्विष्ठ दिसत होती, जे तिला आयुष्यात कधीच जमलं नव्हतं.

राजश्री विमानतळावरून थेट आली. पन्नाशीची, बारीक, केस कापलेले. तिने वाकून नमस्कार केला आणि उठताना मागच्या पडद्याकडे बघितलं. पडद्यावर तीच ओळ होती, फूटभर अक्षरांत. तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. कुमुदताईने ते बघितलं. मीही.

भाषणं झाली. एका पाहुण्यांनी ताऱ्याला ग्रह म्हटलं, दुसऱ्यांनी ग्रहांचे खडे कोणते घालावेत ते सांगितलं. मग मानपत्राचं वाचन जाहीर झालं आणि विंगेतून संपत बाहेर आला. अंगात शेडचाच निळा शर्ट. कुमुदताई खुर्चीच्या कडेला सरकली. आता ती उठणार हे मला कळलं.

संपतने वाचायला सुरुवात केली. बालपण, शिक्षण, वेधशाळा. "...आणि तिथे आपण अदृश्य ताऱ्याचा शोध लावून," इथवर आला आणि थांबला. मानपत्र टेबलावर ठेवलं.

"मंडळी, पुढं वाचत न्हाई," तो म्हणाला. "हा माल नापास आहे."

आबा अर्धे उठले.

"चूक मॅडमची न्हाई, आमची. जुन्या कात्रणात वाचलं तेच कोरलं, तपासलं न्हाई. मॅडमनी हा तारा शोधला, आणि या राजश्री मॅडमनी तो नाही म्हणून दाखवलं, आणि मॅडमनी ते मान्य करून स्वतःच्या नावानं छापलं. तुम्हाला माझी मशीन ठाऊक आहे. तो रात्री बघणारा निरीक्षक इथं बसलाय, पगडी घालून." मागच्या रांगांतून कुणीतरी "अरे!" म्हणालं. संपतने खिशातून लाल टॅग काढला. "सकाळी वर्गाला आलो न्हाई, कारण शेडमधून कोरा टॅग बाहेर न्यायला साहेबांची परवानगी लागते, आणि साहेब रविवारी घरी असतेत. त्यांच्या घरी आळंदीला जाऊन आलो."

त्याने टॅग दोऱ्याने मानपत्राच्या चौकटीला बांधला आणि मोठ्याने वाचला. "पार्ट : अदृश्य तारा. दोष : नाही. म्हणजे दोष हाच, की तो नाही. कारण : रोज त्याच वेळी बघितला. बनवणारा?"

कुमुदताई उठली. उठताना पगडी काढून खुर्चीवर ठेवली. पेन घेतलं आणि सही केली, शाळेत शिकवतात तशी, पूर्ण नाव लिहून.

"तपासणारा?"

राजश्री पुढे आली. तिने डोळे पुसले आणि मगच सही केली. "मॅम," ती हळूच म्हणाली, पण माइक चालू होता आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, "तुम्हाला दाखवायच्या आधी महिनाभर मी तो आलेख बॅगेत घेऊन फिरत होते."

"ठाऊक आहे," कुमुदताई म्हणाली. "तू त्या महिन्यात माझ्याशी फार गोड वागत होतीस."

हॉलमध्ये हशा उसळला आणि मग टाळ्या. त्या टाळ्या सुरू करणारी माणसं निळ्या, खाकी, करड्या शर्टांतली होती. काय झालं ते त्यांना आमच्या पाहुण्यांच्या आधी कळलं होतं. कुमुदताईने टाळ्यांत माझ्याकडे बघायचं ठरवलं होतं. तिने बघितलं नाही. ती समोर बघत होती.

"येक सही ऱ्हायली," आबा उठून म्हणाले. "मंजुरी. अध्यक्ष म्या हाय." त्यांनी चष्मा लावला, सही केली आणि खाली गावाचं नाव लिहिलं. एखादा तारा अस्तित्वात नाही, याला चऱ्होलीतून अधिकृत मंजुरी मिळण्याची ही पहिलीच वेळ असावी. मग ते माइक चुकवून कुमुदताईच्या कानाशी वाकले. मी पुढच्याच रांगेत होतो, तेव्हा मला ऐकू आलं. मागची रांग मी त्या दिवशी शोधली नव्हती.

"मॅडम, पर त्यो मूळचा तारा? त्यो तरी हाय न्हवं?"

"आहे आबा," ती म्हणाली. "एकटा आहे. पण छान चाललंय त्याचं."

सोमवार : चऱ्होली फाटा

सकाळी ती मला रिक्षाने स्टेशनवर सोडायला निघाली. मांडीवरच्या पिशवीत दुपारच्या वर्गासाठी नळी होती. आयटीआयच्या मास्तरांनी तिला त्यांच्या मुलांसमोर बोलावलं होतं.

फाट्यावर आबांनी शब्द पाळलेला दिसला. सोमवारी तारा काढला होता. फ्लेक्स जागेवर होता, कुमुदताईचा फोटो आणि शुभेच्छुकही जागेवर होते. फक्त "अदृश्य ताऱ्याच्या शोधकर्त्या" या शब्दांवर लाल रंगाचा पट्टा होता आणि रंग अजून ओला होता. तिने रिक्षा थांबवली, चष्मा पुसला आणि वाचलं.

"माउलीवर पण मारायला सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

रिक्षावाला शुक्रवारचाच होता. त्यानेही मान बाहेर काढून फ्लेक्स वाचला. "मॅडम, तो तारा नाहीच म्हणे?"

"नाही."

"मग काल एवढा सत्कार झाला तो कशाबद्दल?"

"त्याबद्दलच," कुमुदताई म्हणाली. "चला आता, याची गाडी चुकेल."